न चाखता गोड जमवायचं: गणपती-गौरीच्या नैवेद्याची मापं आणि खुणा

गणपतीच्या दिवशी स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी अडचण मोदकाच्या कळ्या पाडण्याची नसते, ती असते न चाखण्याची. एरवी आपण आमटी उकळताना चार थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावतो, मीठ कमी वाटलं की टाकतो, गोड कमी वाटलं की गुळाचा खडा सारतो, आणि या एका दिवशी सगळं बंद, देवाला दाखवल्याशिवाय काहीच तोंडात घालायचं नाही. त्यात आदल्या दिवशी हरतालिका, म्हणजे पूर्वतयारी करणारी बाई बहुतेक उपाशीच. काही घरांत तर वासही घेऊ देत नाहीत, आता सारण शिजताना वेलचीचा वास जिन्यापर्यंत जातो त्याचं काय करायचं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही!

तर हा लेख त्याच हिशोबाने लिहिलाय. रेसिप्या यूट्यूबवर ढिगाने आहेत, पण त्यात मध्येच कुणीतरी "चव बघून गूळ वाढवा" म्हणतं आणि आपली गाडी तिथेच अडते. इथे प्रत्येक पदार्थाला माप देते आणि डोळ्यांना, बोटांना, कानाला कळतील अशा खुणा देते. मोदक, तळणीचे मोदक, पंचखाद्य, गौरीची पुरणपोळी आणि कोकणातलं घावन-घाटलं एवढं घेतलंय. मापाची वाटी एकच ठेवायची, साधारण २०० मिली पाणी मावेल अशी, आणि ती दिवसभर बदलायची नाही. पिठीला एक वाटी आणि पाण्याला दुसरीच, असं झालं की उकड, म्हणजे उकळत्या पाण्यात शिजवलेली तांदळाची पिठी, बिघडलीच म्हणून समजा.

आधीच्या आठवड्यातली कामं

जी चव घ्यायची ती आधीच, कच्च्या सामानाची घ्यायची. सामान आणलं की लगेच गुळाचा खडा खाऊन बघा. गूळ खारट निघतो, कधीकधी चांगलाच खारट, आणि तो सारणात गेल्यावर काहीही करता येत नाही. कोल्हापुरी पिवळा मऊ गूळ मोदकाला छान, सेंद्रिय म्हणून मिळणारा काळसर गूळही चालतो, फक्त सारणाचा रंग गडद येतो तेव्हा करपलं की काय म्हणून घाबरू नका. चिक्कीचा गूळ मात्र चुकूनही नको, सारण गार झालं की दगड होतो.

तांदूळ. आंबेमोहोर मिळाला तर सोनं, वास येतो आणि उकडीला चिकटपणाही बेताचा असतो. नाहीतर इंद्रायणी आणि बासमतीचा तुकडा अर्धा-अर्धा. नुसता बासमती घेतला तर पारी (मोदकाचं बाहेरचं आवरण) पांढरीशुभ्र होते पण कळ्या पाडताना चिरते, नुसता इंद्रायणी घेतला तर चिकट होतो, म्हणून मिसळायचा. तांदूळ दोन पाण्यांनी धुवा, निथळा, सुती कापडावर पंख्याखाली सावलीत पसरा, अगदी कोरडा झाला पाहिजे. मग गिरणीत द्यायचा, आणि गिरणीवाल्या दादांना आवर्जून सांगायचं की तांदळावरच दळून द्या, म्हणजे आधी गहू किंवा ज्वारी दळलेली असेल तर तिचं पीठ यात येणार नाही. घरी आणून बारीक चाळणीने चाळा. एवढा उटारेटा नको असेल तर दुकानात मोदकाची पिठी मिळते, ती घ्या, फक्त पाकिटावरची तारीख बघा. पिठी जुनी असेल तर पाणी जास्त पितं आणि तरी चिरतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन दिवस आधी अर्धी वाटी पिठीची उकड काढून बघा. चार-पाच मोदक होतात, ते खा, घरच्यांना द्या, ही चाचणी आहे, नैवेद्य नाही. याने दोन गोष्टी कळतात: तुमच्या पिठीला पाणी किती लागतं आणि तुमच्या गुळाला खोबऱ्याचं प्रमाण किती पाहिजे. ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. चतुर्थीच्या सकाळी घरात पन्नास आवाज चालू असतात, गुरुजी आलेत, दूर्वा कुठेत, समईत तेल घाला, त्या गडबडीत डोक्यातली मापं राहत नाहीत.

नारळ लागतात त्यापेक्षा एक जास्त आणा. चाखायचं नसल्यामुळे खवट नारळ नुसत्या वासावर आणि रंगावर ओळखावा लागतो: आतलं खोबरं पिवळट, तेलकट दिसलं, वास जुनाट आला तर बाजूला. खवताना फक्त पांढरं घ्या, करवंटीजवळचं तपकिरी आलं की सारण मळकट दिसतं. खसखस चाळून ठेवा, त्यात बारीक रेती असते आणि दाताखाली कचकच आली की पाहुणे काही बोलत नाहीत पण लक्षात ठेवतात. वेलची सोलून थोड्या साखरेबरोबर मिक्सरला फिरवून डबीत भरून ठेवा. हळदीची पानं आदल्या दिवशी आणून ओल्या फडक्यात गुंडाळा.

उकडीचे मोदक

२१ मोदक, एक-दोन करंज्या आणि थोड्या निवगऱ्या (उरलेल्या उकडीच्या तिखट वड्या) एवढ्याचा हिशोब: पिठी अडीच वाट्या, पाणी अडीच वाट्या, खवलेलं ओलं खोबरं तीन वाट्या (मध्यम आकाराचे दोन नारळ), चिरलेला गूळ दीड वाटी, खसखस एक मोठा चमचा, वेलचीपूड पाऊण छोटा चमचा, जायफळ चिमूटभर, साजूक तूप, मीठ. गूळ वाटीत दाबून भरायचा नाही, सैलसर भरायचा, नाहीतर दीड वाटीची दोन वाट्या कधी होते कळत नाही.

सुरुवात सारणाने. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, त्यात खसखस मंद आचेवर परतून घ्या, लगेच खोबरं, दोन मिनिटं परता, मग गूळ. गूळ आधी विरघळून सगळं पातळ होतं, तेव्हा नवीन माणूस घाबरतो आणि गॅस मोठा करतो. नको. मध्यम आचेवर हलवत राहा, दहा-बारा मिनिटं लागतील. खुणा तीन. पहिली, कालथ्याने मध्ये रेघ ओढली की कढईचा तळ क्षणभर दिसतो आणि त्या रेघेत पाक धावून येत नाही. दुसरी, सुरुवातीला खदखद असा आवाज असतो तो कमी होऊन चुरचुर येतो. तिसरी, चिमूटभर सारण ताटलीत टाकून गार केलं आणि दोन बोटांनी वळलं तर गोळी होते, पण बोटाला ओलसर लागते. इथे गॅस बंद! सारण गार होताना अजून घट्ट होतं, म्हणून कढईत ते थोडं ओलं दिसतानाच उतरवायचं. वेलची, जायफळ आता घाला, आधी घातलं तर वास उडून जातो.

जास्त शिजलं, चिवट झालं? दोन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर मिनिटभर हलवा. ओलं राहिलं आणि गार झाल्यावर कडेने पाक सुटतोय? परत कढईत घाला, किंवा चमचाभर भाजलेली तांदळाची पिठी मिसळा. ओलं सारण तसंच भरलं तर वाफवताना गूळ पाझरतो, पारी खालून भिजते आणि मोदक पानाला बसतो.

आता उकड. पातेल्यात पाणी, पाव छोटा चमचा मीठ, दोन छोटे चमचे तूप किंवा लोणी. काही जणी थोडं पाणी कमी करून तेवढं दूध घालतात, पारी पांढरी आणि मऊ होते, पण मग मोदक त्याच दिवशी संपवायचे. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बारीक आणि पिठी एकदम सगळी ओता, चमच्या-चमच्याने नाही. लाटण्याच्या टोकाने किंवा उलथन्याने भराभर ढवळा, गुठळ्या दिसल्या तरी चालतील, कोरडी पिठी मात्र दिसायला नको. झाकण ठेवा, बारीक गॅसवर दोन मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी सात-आठ मिनिटं झाकूनच ठेवा. या झाकलेल्या वेळातच पीठ आतून शिजतं. झाकण उघडून बघायचा मोह आवरा.

परातीत काढा, गरम असतानाच मळायचं. हात भाजतो म्हणून आधी सपाट बुडाच्या वाटीने किंवा स्टीलच्या पेल्याने रगडा, मग शेजारी वाटीत पाणी आणि तेल ठेवून हात ओला करत मळा. पाच-सात मिनिटं मनापासून. उकड झाली की नाही हे असं ओळखायचं: लिंबाएवढा गोळा वळून तळहाताने चपटा करा, कडा गुळगुळीत राहिल्या तर झाली, कडेला भेगा आल्या तर पाण्याचा हबका मारून अजून मळा. तरीही भेगा येत असतील तर उकड कच्ची आहे, गोळा फडक्यात गुंडाळून चाळणीवर पाच मिनिटं वाफवून परत मळा, हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. उलट हाताला चिकटत असेल तर परातीत पसरून थोडी गार होऊ द्या, तेल लावून मळा. कोरडी पिठी वरून घालायची सवय बरी नाही, ती शिजत नाही आणि पारी पिठूळ लागते.

पारी. उकड ओल्या फडक्याखाली झाकून, एका वेळी एकच गोळा बाहेर. बोटांना तेल-पाणी लावून अंगठे आत आणि बाकी बोटं बाहेर अशी फिरवत वाटी करायची, कडा पातळ आणि तळ जरासा जाड. तळ पातळ झाला तर मोदक उचलताना फुटतो. कळ्या पाडताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, चिमटीत धरून पुढे ओढायचं. पहिल्यांदा करताना पाच-सात मोठ्या कळ्या पुरे, अकरा-एकवीस कळ्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात ते बघून टेन्शन घेऊ नका, गणपती कळ्या मोजत बसत नाही. कळ्या पाडून मग सारण भरा म्हणजे पारी ताणत नाही, दीड-दोन छोटे चमचे सारण, आणि हलक्या हाताने सगळ्या कळ्या जवळ आणून टोक काढा. साचा वापरला तर काही पाप नाही. साच्याला तूप लावा आणि उकड सगळीकडे सारखी दाबा, एवढंच.

मोदकांबरोबर एक तरी करंजी करायची, मोदक भाऊ आणि करंजी बहीण असं मानतात, भावाला एकटं पाठवायचं नाही. पारी चपटी करून सारण ठेवून दुमडा, कडेला मुरड घाला.

वाफवायला मोदकपात्र नसेल तर इडलीपात्र चालतं, तेही नसेल तर पातेल्यावर चाळणी. पाण्याला आधी उकळी येऊ द्या, थंड पाण्यावर मोदक ठेवून मग गॅस लावला तर ते बसतात. चाळणीवर हळदीचं पान, नसेल तर केळीचं, त्याला तुपाचा हात. प्रत्येक मोदक वाटीतल्या गार पाण्यात बुडवून लगेच काढायचा आणि मध्ये अंतर सोडून ठेवायचा, पाण्यामुळे वाफवताना पारी चिरत नाही. झाकणाला आतून फडकं बांधलं तर वाफेचं पाणी मोदकांवर ठिबकत नाही. मध्यम-मोठ्या आचेवर दहा ते बारा मिनिटं. झाले हे कसं कळणार, तर पारीवर चकाकी येते आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. लगेच ओढून काढू नका, दोन मिनिटं वाफ जिरू द्या, मग बोटांना पाणी लावून खालून उचला.

उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या करायच्याच. हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ घालून मळायचं, चपट्या वड्या थापून त्याच चाळणीत दहा मिनिटं. इतक्या गोडावर कच्चं तेल घालून खाल्लेली निवगरी, मला विचाराल तर मोदकाइतकीच महत्त्वाची.

वेळेचं गणित

पूजा मध्यान्हीची, म्हणजे साधारण बाराच्या आसपास नैवेद्य लागतो असं धरून उलटं मोजा. साडेअकराला शेवटचा घाणा वाफेवर, म्हणजे वळायला साडेनऊला बसायचं (एकटी असाल तर २१ मोदकांना दीड तास सहज जातो, कळ्या नवीन असतील तर जास्तच), म्हणजे उकड सव्वानऊला, सारण साडेआठच्या आत झालेलं पाहिजे कारण ते गार व्हायला वेळ लागतो. सोवळं कडक नसेल तर सारण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळचं अर्धं ओझं कमी होतं. सोवळं असेल तर निदान नारळ फोडणं आणि गूळ चिरणं यासाठी घरातल्या पुरुषांना पहाटे उठवा. उकड मात्र आधी करून ठेवायची नाही, गार झाली की चिरते.

देवाचे २१ आधी करायचे, घरच्यांचे नंतर. यात भक्तीबरोबर सोयही आहे: नैवेद्य दाखवून झाला की पहिला मोदक खाऊन कळतं गूळ कमी पडला का, आणि उरलेल्या सारणात दुरुस्ती करता येते. काही घरांत लहान मुलाला आधी दिलेला चालतो, मुलं म्हणजे देवच म्हणून. तुमच्याकडे चालत असेल तर हा सगळ्यात भारी टेस्टर, खोटं बोलत नाही.

तळणीचे मोदक

विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि देशावरच्या पुष्कळ घरांत हेच खरे मोदक, उकडीचे नंतर आले. टिकतात आठ दिवस, रोजच्या आरतीला पुरतात, आणि आदल्या दिवशी करून ठेवता येतात.

कणीक किंवा मैदा दोन वाट्या, बारीक रवा पाव वाटी, मीठ चिमूटभर, मोहन तीन मोठे चमचे कडकडीत तूप. मोहन पुरेसं आहे का हे मुठीत कळतं, पीठ मुठीत दाबलं तर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोकलं तर फुटला पाहिजे. दुधात किंवा पाण्यात घट्ट भिजवून अर्धा तास झाका. सारणाला किसलेलं सुकं खोबरं दोन वाट्या, मंद आचेवर फिकट गुलाबी होईपर्यंत भाजायचं, लाल होऊ द्यायचं नाही. पूर्ण गार झालं की हाताने चुरून पिठीसाखर एक वाटी, भाजलेली खसखस, वेलची, काजू-बदामाचे तुकडे. गरम खोबऱ्यात साखर घातली तर ती ओलावा सोडते आणि ओलं सारण तेलात मोदक फोडतं, म्हणून थांबा. ओलं खोबरं यात नकोच.

छोटी पुरी लाटून, कडेला दुधाचं बोट फिरवून, सारण भरून, चुण्या एकत्र करून टोक नीट दाबायचं. तेल किती तापलं हे बघायला कणकेचा तुकडा टाका. तळाला जाऊन हळूहळू वर आला तर बरोबर, टाकल्याबरोबर उसळून वर आला तर तेल फार तापलंय, वरून लाल आणि आतून कच्चे राहतील. मंद ते मध्यम आचेवर, झाऱ्याने तेल वर उडवत. बुडबुडे कमी झाले आणि आवाज बसला की काढा. डब्यात भरायच्या आधी पूर्ण गार करा.

पंचखाद्य

याला फार काही लागत नाही. किसलेलं सुकं खोबरं दोन वाट्या, खारकेची पूड अर्धी वाटी, खसखस दोन मोठे चमचे, खडीसाखर अर्धी वाटी जाडसर कुटून, खिसमिस पाव वाटी. खोबरं, खसखस, खारीक हे तिन्ही वेगवेगळे भाजायचे कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. खसखस तडतडून रंग बदलायला लागली की बास. गार झाल्यावर एकत्र करून काचेच्या बरणीत. ओला चमचा घालायचा नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा. दहा दिवस रात्रीच्या आरतीला ऐन वेळी खिरापत नाही अशी धावपळ होत नाही.

गौरींसाठी पुरणपोळी

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि महानैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन. आल्या दिवशी भाजी-भाकरी, पूजनाच्या दिवशी बऱ्याच घरांत पुरण. (कोळी आणि इतर काही समाजांत गौरीला तिखटाचा, मासे-मटणाचाही नैवेद्य असतो, तो वेगळा विषय.)

पुरणात गोडाचं प्रमाण चाखल्याशिवाय सांभाळायचं तर बरोबरीचं धरा: चण्याची डाळ दोन वाट्या, गूळ दोन वाट्या. गूळ फार गोड वाटला असेल तर पावणेदोन. कमी गोड खाणाऱ्यांसाठी दीड करू नका, पुरण पोळीत गेल्यावर गोडी कमीच लागते. डाळ दोन तास भिजवून, तिप्पट पाणी, चिमूट हळद, चमचाभर तेल घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. दाणा दोन बोटांत दाबला तर पूर्ण विरघळला पाहिजे, मध्ये टणक कणी लागली तर अजून शिजवा, पुढे गूळ पडल्यावर डाळ शिजत नाही. चाळणीवर निथळून कट, म्हणजे डाळ शिजलेलं पाणी, बाजूला काढा, आमटीला लागतो. नीट निथळलं नाही तर पुरण आटवण्यात हात मोडतो.

गूळ घालून जाड बुडाच्या पातेल्यात शिजवा. आधी पातळ होतं, मग फटफट उडायला लागतं तेव्हा हाताला जपा, लांब दांड्याचा कालथा घ्या. कालथा मध्ये उभा केला आणि तो न पडता उभा राहिला की पुरण झालं. ही जुनी खूण, आणि अजून तरी हिच्यापेक्षा भरवशाची कुठली बघितली नाही. वेलची, जायफळ, थोडी सुंठ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झालं की यंत्रातून जाता जात नाही.

कणीक तीन वाट्या, हवं तर त्यातली एक मैद्याची, सगळं बारीक चाळून. पाव चमचा मीठ, सैलसर भिजवून, चार-पाच मोठे चमचे तेल थोडं थोडं घालत तिंबायची, ओढली तर तुटण्याऐवजी लांबली पाहिजे. दोन तास झाकून ठेवा. पोळीला कणकेचा गोळा पुरणाच्या गोळ्याच्या निम्मा, आणि दोन्हींचा मऊपणा सारखा, इथेच बहुतेकांची पोळी फुटते. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर पुरण मध्ये गोळा होऊन राहतं आणि कडा रिकाम्या. तसं असेल तर पुरण दुधाच्या हाताने मळून मऊ करा. तांदळाच्या पिठीवर, लाटणं हलकं धरून, कडेकडेने लाटा. तवा मध्यम, खालची बाजू नीट भाजल्याशिवाय उलटायची नाही. तूप तव्यावरून उतरवल्यावर.

घावन-घाटलं

कोकणातल्या कितीतरी घरांत गौरीला हेच. घाटल्याला नारळाचं दाट दूध एक वाटी, दुसऱ्या पाण्याचं पातळ दूध दोन वाट्या, गूळ पाऊण वाटी, तांदळाची पिठी तीन मोठे चमचे, मीठ चिमूटभर, वेलची. पातळ दुधात गूळ विरघळवून गाळून घ्या, कारण गुळात काडीकचरा असतोच. पिठी थोड्या गार पाण्यात कालवून त्यात ओता आणि सतत ढवळत शिजवा, कच्च्या पिठीचा पांढरट रंग जाऊन घाटलं चकचकीत झालं आणि चमच्याच्या पाठीवर जाड थर राहिला की पिठी शिजली. दाट दूध सगळ्यात शेवटी, आणि ते घातल्यावर उकळी आणायची नाही, नाहीतर फाटतं.

घावनाला पिठी एक वाटी, पाणी दोन ते सव्वादोन वाट्या, मीठ. पीठ ताकासारखं पातळ. पिठी तळाशी बसते म्हणून प्रत्येक घावनाआधी तळापासून ढवळायचं, हे विसरलं की पहिले घावन जाळीदार आणि शेवटचे भाकरीसारखे. बिडाचा तवा चांगला तापवा, तेल नारळाच्या शेंडीने फिरवा (एरवी अर्धा कांदा घेतात पण नैवेद्याला कांदा चालत नाही), पीठ कडेने सुरू करून मध्याकडे ओता. ओतताना चर्र असा आवाज आला आणि लगेच भोकं पडली तर तवा बरोबर तापलाय. झाकण ठेवून मिनिटभर, कडा सुटल्या की काढा. उलटायचं नाही. एकावर एक गरम रचले तर चिकटतात, आधी सुपात किंवा चाळणीवर पसरून गार करा.

ताट वाढताना

देवापुढे पाण्याने चौकोन काढून त्यावर पान, पानात मीठ वाढायचं नाही. मोदकावर तूप वाढताना टोक फोडून घालायची पद्धत खाताना, नैवेद्याचे मोदक अखंड ठेवा. पान स्वयंपाकघरातून नेताना वरून दुसऱ्या पानाने झाका, पावसाळ्यात माश्या फार. गरम वाफेतून काढलेले मोदक लगेच झाकले तर घाम येऊन ओले होतात, पाच मिनिटं उघडे ठेवून मग झाका.

उरलेले उकडीचे मोदक रात्रीपर्यंत बाहेर ठीक, त्यापुढे फ्रिजमध्ये, कारण ओलं खोबरं दमट हवेत लवकर आंबतं. फ्रिजमधून काढलेला मोदक कडक लागतो, तो पाण्याचं बोट लावून चाळणीवर पाच मिनिटं वाफवा, मायक्रोवेव्हमध्ये घातला तर पारी रबर होते. उरलेलं सारण डब्यात, फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस राहतं, पोळीत भरून गूळ-खोबऱ्याची पोळी करा. पुरणही तसंच, कटाची आमटी दुसऱ्या दिवशीच चांगली लागते म्हणून ती थोडी जास्तच करा.